ईशानच्या खाण्याबद्दल, येण्याआधी

लेस्टर

ती. आईस सा. न.

तिकिटं काढली, फेब्रुवारीत येतोय. फोनवर तू दरवेळी विचारतेस, "त्याला पोटभर खायला देतेस ना?" म्हणून सविस्तर लिहिते.

ईशानला क्रोन्स आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते, सूज येते, व्रण पडतात. तुझ्या मिसळीने किंवा माझ्या डब्याने हे झालेलं नाही, तेवढं मनातून काढून टाक. मुलांची ही सूज उतरवायला युरोपात आधी आहारच वापरतात. सहा ते आठ आठवडे फक्त डॉक्टरांनी दिलेलं पोषक पेय, अन्नाचा घासही नाही. दहातल्या साधारण आठ मुलांना उतार पडतो. स्टेरॉइडनेही पडतो, पण त्याने वाढ खुंटते. (हे क्रोन्सपुरतंच. शेजारच्या काकूंच्या भाच्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुजेचा वेगळा आजार, त्याला याचा उपयोग नाही, त्यांना सुचवू नकोस.)

ते दिवस फार कठीण गेले गं. फोडणीचा वास आला की तो खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. मग आम्हीही त्याच्यासमोर जेवणं सोडलं. पण वजन वाढलं, चेहऱ्यावर तेज आलं, शाळा सुरू झाली.

आता भात, उकडलेला बटाटा, अंडं, केळं, सोललेलं सफरचंद एवढं चालतं, आणि निम्मं पोषण अजून त्या पेयातूनच. गहू, दूध-दही, पाकीटबंद काहीही बंद. म्हणजे पोळीसुद्धा नाही, आई, अर्धीही नाही. अंडं तुझ्या ओट्यावर नको असेल तर मी मागच्या अंगणात उकडेन. द्राक्षं त्याच्या यादीत अजून नाहीत, तेव्हा पिंपळगावहून पेटी मागवू नका असं बाबांना सांग.

सप्तशृंगीचा नवस जरूर फेड, अंगारा त्याच्या कपाळाला लाव, पेढा मात्र देऊ नकोस. कुणाचं चूर्णही नको, त्याच्या गोळ्या चालू आहेत. पोट दुखत नाही म्हणजे बरा झाला असं नसतं. आतली सूज शौचाच्या नमुन्यातलं कॅलप्रोटेक्टिन (सूज असली की वाढणारं प्रथिन) तपासून कळते, आणि ती तपासणी इथे ठरल्या वेळी होते.

इगतपुरीचा इंद्रायणी तेवढा आणून ठेव. तुझ्या हातचा मऊ भात हवाय असं त्याने मुद्दाम लिहायला सांगितलंय.

तुझी,
माधवी