मेलू सरोवर ज्वालामुखीचे नव्हे, हिमनदीचे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मागील आठवड्यात कोर्सिका बेटावरील मेलू सरोवराच्या भटकंतीवर एक लेख प्रसिद्ध झाला. भूमध्य समुद्रातील या फ्रेंच बेटाविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही आणि जे लिहिले जाते ते बहुधा आजाक्सिओ गावातील नेपोलियनच्या जन्मघरापाशी सुरू होऊन समुद्रकिनाऱ्यावर संपते. त्यामुळे बेटाच्या पोटातील डोंगरांकडे वाचकांचे लक्ष वळवल्याबद्दल लेखकाचे आभार मानायलाच हवेत. मात्र त्या लेखातील काही विधाने, त्यांतही मुख्यतः दोन, दुरुस्त होणे आवश्यक आहे. मेलू हे ज्वालामुखीच्या विवरात पाणी साचून झालेले सरोवर आहे, हे पहिले; आणि तेथे जाणे म्हणजे लहानथोरांना सहज जमणारी तासाभराची रपेट आहे, हे दुसरे. पहिल्याने फार तर एखाद्या विद्यार्थ्याचा गुण जाईल. दुसरे वाचून कोणी साध्या चपला घालून निघाले, तर पाय मोडून घेतील.

मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. हिमनदीचे कार्य हा पाठ दरवर्षी येई आणि हिमगव्हर, हिमोढ (हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीचा ढीग), मेषशिला (हिमनदीने घासून गुळगुळीत केलेला उंचवट्याचा खडक), यू आकाराची दरी हे सारे मी खडूने फळ्यावर काढून दाखवत असे. यांपैकी एकही गोष्ट मी प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती, कारण आपल्या सह्याद्रीत ती पाहायला मिळणे शक्यच नाही. इतक्या दक्षिणेच्या अक्षांशावर आणि एवढ्या बेताच्या उंचीवर हिमनदी कधी वाहिलीच नाही. निवृत्तीनंतर, जून २०१९ मध्ये, नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये राहणारा मुलगा आणि सून आम्हा दोघांना कोर्सिकाला घेऊन गेले, तेव्हा हा पाठ मला प्रथमच दगडात वाचायला मिळाला. म्हणूनच विवराची चूक मला जरा जास्त झोंबली, हे मान्य करते.

तरीही लेखकाची बाजू घेऊन एक सांगितले पाहिजे. कोर्सिकात ज्वालामुखीजन्य खडक आहेत. बेटावरील सर्वांत उंच शिखर, २७०६ मीटरचे मोंते चिंतू, अशाच खडकांच्या प्रदेशात उभे आहे. पण ते ज्वालामुखी २५ कोटी वर्षांहूनही जुने आहेत आणि त्यांच्या मुखांचा आजच्या सरोवरांशी काहीएक संबंध नाही. मेलूच्या भोवती तर सारा ग्रॅनाइट आहे. हे सरोवर घडले ते बर्फामुळे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्रावरून येणारे बाष्प या उंच डोंगरांवर हिमरूपात पडत होते आणि सावलीच्या खोलगट जागांत वर्षानुवर्षे साठत होते. त्या बर्फाने तळ खरवडला, पाठीमागच्या भिंतीतील खडक उपटून काढले आणि पुढच्या बाजूला एक कठडा तेवढा शिल्लक ठेवला. आरामखुर्चीच्या आकाराची जी जागा तयार होते, ती हिमगव्हर. बर्फ गेला आणि खुर्चीच्या बैठकीत पाणी राहिले. आज कोर्सिकात एकही हिमनदी उरलेली नाही. पण मेलू आणि त्याच्या वरच्या अंगाला, आणखी एका पायरीवर असलेले कापितेल्लू, ही दोन सरोवरे एकाखाली एक पाहिली की हिमनदीची वाट डोळ्यांसमोर उभी राहते. वरच्याचे पाणी खालच्यात उतरते आणि तेथून पुढे रेस्तोनिका नदी होऊन कोर्ते गावाकडे धावते.

आता रपेटीविषयी. मेलू समुद्रसपाटीपासून १७११ मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च माथ्यापेक्षाही हे पाणी ६५ मीटर वर आहे, ही गोष्ट निघण्यापूर्वीच मनाशी पक्की केलेली बरी. कोर्तेपासून रेस्तोनिकाच्या दरीतून जाणारा सुमारे १५ किलोमीटरचा रस्ता ग्रोतेल येथील धनगरांच्या दगडी खोपटांपाशी संपतो, तेथे उंची सुमारे १३७० मीटर भरते. म्हणजे चढ साडेतीनशे मीटरच्या आतबाहेर, आणि वेळही चालणाऱ्याला खरोखरच तासभर. लेखकाने आकडा चुकवलेला नाही. चुकला आहे तो शब्द, "सहज" हा. अर्धी वाट गेल्यावर दोन मार्ग फुटतात. एक थोडा लांबचा आणि सोपा. दुसरा सरळ वर जाणारा, जेथे गुळगुळीत कातळावर साखळदंड ठोकले आहेत आणि लोखंडी शिड्या लावल्या आहेत. शिड्या म्हटल्यावर आम्हाला कळसूबाई आठवली आणि आम्ही निर्धास्तपणे सरळ वाट धरली. येथेच आमची गफलत झाली. सह्याद्रीचा बेसाल्ट खडबडीत असतो, ओला झाला तरी बुटाला बऱ्यापैकी धरून ठेवतो. हा ग्रॅनाइट मात्र हिमनदीने घासून तुळतुळीत केलेला आहे. बर्फात गोठलेल्या दगडगोट्यांनी ओढलेले ओरखडे त्यावर अजून दिसतात. कोरड्यात तो उत्तम. ओला झाला की पाय ठरत नाही.

आम्ही निघालो तेच अकराला. सरोवरापाशी पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते, कारण मी प्रत्येक मेषशिलेपाशी थांबत होते आणि आमच्या ह्यांना त्याचे काही सोयरसुतक नव्हते. पाणी गडद निळे-हिरवे होते, काठावर गवताची मऊ गादी होती आणि समोरच्या कड्याच्या घळींत जून असूनही बर्फाचे पट्टे पडून होते. मुलगा आणि सून पुढे कापितेल्लूला निघून गेले. आम्ही दोघे दशम्या सोडून बसलो, तर पिवळ्या चोचीचे काळे पक्षी, कावळ्याचे भाऊबंदच, दोन हातांवर येऊन तुकड्याची वाट पाहू लागले. दोनच्या सुमारास कड्यामागून ढग वर आले. मुले घाईघाईने परतली आणि आम्ही उतरायला लागलो, तोवर टपोरे थेंब सुरू झाले होते. ज्या साखळीला धरून मी सकाळी ऐटीत चढले होते, तिच्या कड्या हजारो हातांनी घासून चकचकीत झालेल्या होत्या. आता त्या बर्फासारख्या गार आणि निसरड्या लागत होत्या. शिडीच्या वर तीन पावलांवर माझा पाय सटकला, मी साखळीला लोंबकळले आणि डावे मनगट कातळावर आपटले. हाड वाचले, सूज पंधरा दिवस राहिली. मागून उतरणाऱ्या एका मुलीने एक शब्दही न बोलता माझा बूट हाताने धरून शिडीच्या पहिल्या दांड्यावर टेकवला. तिची भाषा मला येत नव्हती आणि माझी तिला.

दोष आमचाच होता आणि तो तीन प्रकारचा होता: उशिरा निघालो, आभाळाकडे पाहिले नाही, आणि उतरताना तरी लांबची वाट धरावी हे सुचले नाही. कोर्सिकाच्या डोंगरात उन्हाळ्यातील दुपार ही वादळाची वेळ असते. समुद्र जवळ, त्यावरची हवा दमट आणि डोंगर एकदम अडीच हजार मीटरपर्यंत उठलेले, तेव्हा सकाळचे निरभ्र आकाश दुपारपर्यंत टिकेल याची खात्री नाही. कापितेल्लूच्या वरच्या धारेवरून जी.आर. २० ही कालेंझाना ते कोंका अशी सुमारे १८० किलोमीटरची प्रसिद्ध पायवाट जाते. याच वाटेवर, बेटाच्या उत्तर भागात, १० जून २०१५ रोजी वादळी पावसात दरड कोसळून सात गिर्यारोहक मरण पावले आणि त्यानंतर तो टप्पा सोडून वाट दुसरीकडून वळवावी लागली. १८ ऑगस्ट २०२२ च्या सकाळी आलेल्या वादळात बेटावर वाऱ्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर गेला आणि पाच जणांचा बळी गेला. मेलूला जाऊच नये, असे मला म्हणायचे नाही. सकाळी सातला निघावे आणि दुपारच्या जेवणाला खाली असावे, एवढेच म्हणायचे आहे.

लेखात "वर्षभर केव्हाही जावे" असेही एक वाक्य आहे. कापितेल्लू १९३० मीटरवर आहे, ४२ मीटर खोल आहे आणि वर्षातील बराच काळ, काही वर्षी सात-आठ महिने, बर्फाखाली असते. मेलूचेही हिवाळ्यात तेच. आपल्याकडून जाणारी मंडळी एप्रिल-मेच्या सुटीत जातात, आणि तेव्हा वरच्या वाटेवर घट्ट बर्फ असण्याचा पुरेपूर संभव असतो. बर्फावर चालण्याची सवय आणि साधने नसतील तर मे महिन्यात खालची दरी पाहावी. लारिसिओ पाइनची उंच, सरळ झाडे आणि नदीतील डोह हेही काही कमी नाही. या पाइनच्या जंगलात कोर्सिकाखेरीज जगात कोठेही न आढळणारा एक चिमुकला पक्षी राहतो. आम्हाला तो दिसला नाही; झाडाच्या खोडावर त्याचा आवाज तेवढा ऐकला, असे सून म्हणते.

रस्त्याविषयीही लेखातील माहिती जुनी वाटते. आम्ही गेलो तेव्हा गाडी थेट ग्रोतेलच्या सशुल्क वाहनतळापर्यंत जात होती, अर्थात वाटेत समोरून गाडी आली की एकाने कड्याला चिकटून मागे यायचे आणि मध्ये गाय बसली असेल तर दोघांनीही थांबायचे. २०२३ च्या अखेरीस आलेल्या पुराने या रस्त्याचे मोठे नुकसान केले. शिवाय गर्दीमुळे २०२२ पासून रेस्तोनिका, बाव्हेला आणि लावेझी बेटे या तीन ठिकाणी उन्हाळ्यात रोजच्या पर्यटकसंख्येवर बंधन घालण्याचा प्रयत्न सुरू झाला आहे. तेव्हा गाडी कोठपर्यंत जाते आणि आधी नोंदणी लागते का, हे कोर्तेच्या पर्यटन कार्यालयात विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. तासाभराची वाट रस्ता बंद असल्यास दिवसभराची होऊ शकते. फलकांवर सरोवराचे नाव कोठे फ्रेंच वळणाने "मेलो", तर कोठे कोर्सिकन वळणाने "मेलू" दिसते आणि कित्येक फलकांवरील फ्रेंच नाव काळ्या रंगाने पुसलेले असते. पाट्यांचे राजकारण आपल्याला नवीन नाही, म्हणून मला ते पाहून परकेपणा वाटला नाही. मात्र नवख्या माणसाची फसगत होऊ शकते.

आणखी एक गोष्ट, जी लेखात मुळीच नाही. सरोवराकाठच्या ज्या गवतावर आम्ही निवांत बसलो, ते साधे कुरण नव्हे. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरावर वाढलेले ते दाट गवत असते आणि त्यात जागोजागी पाण्याची लहानमोठी भोके असतात. कोर्सिकन भाषेत "पोझ्झी" म्हणजे विहिरी, आणि त्यावरून या कुरणांना पोझ्झिन म्हणतात. तेथून थोडे उत्तरेला, १७४३ मीटरवरील निनू सरोवराभोवती ती सर्वांत सुंदर आहेत. ताविन्यानू नदी तेथे उगम पावते आणि रेस्तोनिका तिलाच कोर्ते गावात मिळते. ही गादी तयार व्हायला हजारो वर्षे लागतात आणि पायाखाली तुडवली की ती फाटते, वाळते, पाणी धरीनाशी होते. आम्हाला हे खाली आल्यावर, ग्रोतेलला चीज विकणाऱ्या माणसाने मुलाला सांगितले. पाण्याच्या कडेने कातळावर बसायला भरपूर जागा होती, हे तेव्हा आठवले. लेखात सुचवल्याप्रमाणे काठावर तंबू ठोकण्याचा तर प्रश्नच येत नाही: १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या प्रादेशिक निसर्ग उद्यानात डोंगरातील आश्रयगृहांच्या आवाराबाहेर मुक्काम करण्यास मनाई आहे आणि आग पेटवणेही निषिद्ध आहे. रेस्तोनिकाच्या वरच्या अंगाला २००० सालच्या वणव्यात होरपळलेली पांढरी खोडे आम्ही एकोणीस वर्षांनंतरही उभी पाहिली.

तरी सरोवराची उत्पत्ती, वाटेचा सोपेपणा, जाण्याचा हंगाम आणि मुक्कामाची सूचना या चार बाबींत आपण शुद्धिपत्र द्यावे, अशी विनंती आहे. जमल्यास छायाचित्राखालील ओळही तपासून पाहावी. लेखासोबत मेलू म्हणून जे सरोवर छापले आहे, त्याच्या तीन बाजूंनी उभे कडे थेट पाण्यात उतरलेले दिसतात आणि काठाला गवताची काडीही नाही. माझ्या मुलाने त्या दुपारी, ढग येण्यापूर्वी, तेच सरोवर जवळजवळ त्याच दगडावरून टिपले होते. ते कापितेल्लू आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, सातारा