जागा मराठी नावांनी भरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील बऱ्याच पतसंस्थांनी आणि सौहार्द सहकारी संस्थांनी आपले हिशेब कार्यालयातल्या संगणकावरून क्लाउडवर नेले आहेत. अशाच एका संस्थेत मी हिशेब आणि संगणक ही दोन्ही कामे पाहतो. डेटाबेसची जागा अपुरी पडते, म्हणून सभासदांच्या नावा-पत्त्यांचे मराठी आणि कन्नड रकाने काढून फक्त इंग्रजी ठेवावे, असे आम्हाला सेवा पुरवणाऱ्यांनी अलीकडे सुचवले. हीच सूचना इतर संस्थांपुढेही येऊ शकते, म्हणून हे पत्र.

त्यांनी दिलेले कारण अर्धे खरे आहे. संगणकात अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरी आणि कन्नड लिपीतील प्रत्येक चिन्हाला ३. त्यातही काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे वेगळी मोजली जातात. पण पुढचा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही. एका सभासदाचे मराठी नाव आणि पत्ता मिळून १५० चिन्हे धरली, तर ४५० बाइट होतात. असे २०,००० सभासद धरले तरी बेरीज ९० लाख बाइट, म्हणजे ९ एमबी. मोबाईलवर काढलेल्या दोन-तीन फोटोंना एवढी जागा लागते. शंभर जीबीच्या डेटाबेसमध्ये ९ एमबी वाचवण्यासाठी माणसांची नावे पुसायची का? आमच्या काउंटरवर खेड्यातून येणाऱ्या आजी पासबुक हातात घेतल्यावर आधी आपल्या नावावरून बोट फिरवतात आणि मगच रक्कम विचारतात. त्यांना वाचता येते ती मराठीच.

मग जागा जाते कुठे, हे आम्हाला ३१ मार्चच्या संध्याकाळी कळले. पिग्मी गोळा करणारे यंत्रे घेऊन रांगेत उभे होते आणि एकही नोंद चढत नव्हती. जुनी खाती दिसत होती, नवी पावती मात्र होत नव्हती. रात्री साडेदहापर्यंत आम्ही हाताने पावत्या फाडल्या. पाठवलेल्या एसएमएसच्या दोन वर्षांच्या जुन्या नोंदी कोणीतरी घाईत पुसल्या, तरी मोकळी जागा तसूभरही वाढली नाही. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरचा आहे. त्यात ओळ पुसली की ती लगेच निघून जात नाही. व्हॅक्यूम, म्हणजे पुसलेल्या ओळींची सफाई, झाल्यावर ती जागा त्याच टेबलातल्या (नोंदींच्या तक्त्यातल्या) नव्या नोंदींना वापरता येते, पण डिस्कला सहसा परत मिळत नाही. ती परत मिळवणारा व्हॅक्यूम फुल टेबलाची नवी प्रत लिहितो, म्हणजे त्याला आधी मोकळी जागा हवी, आणि तो चालू असेपर्यंत ते टेबल कुलूपबंद राहते. डिस्क भरल्यावर हा उपाय हाती उरत नाही.

खरे कारण वेगळेच निघाले. आपल्याकडे जशी आधी कीर्द आणि मग खतावणी, तसाच पोस्टग्रेसही प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये लिहितो आणि काम झाले की जुना लॉग काढून टाकतो. अहवालांसाठी जोडलेली डेटाबेसची दुसरी प्रत कित्येक आठवड्यांपूर्वी बंद केली होती, पण तिच्यासाठीचा रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे तिने लॉग कुठपर्यंत उतरवला याची मूळ डेटाबेसमधली खूण, तसाच राहिला होता. ती प्रत कधीतरी हे सारे उतरवून घेईल, या समजुतीने मूळ डेटाबेस एकही जुनी कीर्द टाकत नव्हता. तो स्लॉट काढल्यावर जवळजवळ निम्मी डिस्क मोकळी झाली. उरलेल्यात मोठा वाटा केवायसीच्या स्कॅन केलेल्या कागदांचा होता. ते डेटाबेसच्या आतच ठेवल्याने प्रत्येक बॅकअपमध्येही जात होते. असे कागद ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे क्लाउडवरच्या फाइली ठेवण्याच्या स्वस्त जागेत, ठेवून डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता लिहावा, हे काम आम्ही आता हाती घेतले आहे.

जागा आपोआप वाढते, मग काळजी कशाची, असे संचालक विचारतात. ही सोय आहे, पण ती चालू करावी लागते आणि तिला मर्यादा असते. अमेझॉनच्या आरडीएस या क्लाउड डेटाबेस सेवेमध्ये मोकळी जागा १० टक्क्यांखाली जाऊन किमान ५ मिनिटे तशीच राहिली तर जागा वाढते, पण एकदा वाढल्यावर पुढचे ६ तास पुन्हा वाढत नाही. शिवाय वाढवलेली जागा त्याच डेटाबेसवर नुसती आकडा बदलून कमी करता येत नाही, त्यामुळे विसरलेल्या एका स्लॉटचे भाडे महिनोन्महिने भरावे लागू शकते. हे भाडे सभासदांच्या पैशातून जाते.

म्हणून आपल्या भागातील संचालक मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. करार नव्याने करताना जागा किती भरल्यावर सूचना येणार आणि ती संस्थेतल्या कोणत्या दोघांच्या फोनवर येणार, हे लेखी घ्यावे. कोणते टेबल किती जागा खाते आणि कोणता स्लॉट बंद पडून आहे, याचा तक्ता दरमहा मागावा. पोस्टग्रेसमध्ये तो काही मिनिटांत काढता येतो. आणि मराठी किंवा कन्नड रकाना काढण्याचा प्रस्ताव आलाच, तर तो रकाना किती एमबीचा आहे, हा आकडा मिळाल्याशिवाय त्यावर सही करू नये.

आपला विश्वासू,
एका सौहार्द सहकारी संस्थेचा हिशेबनीस,
ता. खानापूर, जि. बेळगाव