तुझं ‘साधं’ रक्त

प्रिय आदू,

पहिल्यांदा रक्तदान केलंस, आनंदाने फोन केलास आणि शेवटी पडेल आवाजात म्हणालास, “ओ पॉझिटिव्ह निघालं गं, अगदीच साधं.” तो शब्द काही माझ्या मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने 1901 साली ए, बी आणि ओ हे गट वेगळे करून दाखवले, 1940 मध्ये आर-एचची भर पडली, आणि कार्डावर आजही तेवढंच छापतात. पण तांबड्या पेशीच्या अंगावर केल, डफी, किड अशा किती तरी खुणा असतात. रक्तगटांच्या 40 हून अधिक प्रणाली आता माहीत आहेत. 1952 साली मुंबईत भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला ‘बॉम्बे’ गट वरवर ओच वाटतो, पण त्या माणसाला ओचंही रक्त चालत नाही. तुझ्या ओखाली काय आहे, हे अजून कुणी पाहिलेलंच नाही रे.

एखादी पिशवी लागणाऱ्याला या खुणांचा सहसा त्रास होत नाही. थॅलेसेमिया, म्हणजे शरीरात रक्त नीट न बनण्याचा जन्मजात आजार असलेल्या लेकराला मात्र दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. परकी खूण वारंवार समोर आली की काहींचं शरीर तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, आणि मग जुळणारी पिशवी मिळता मिळत नाही.

त्यातही किडची अँटिबॉडी फसवी. काही महिन्यांत ती इतकी उतरते की तपासणीत सापडतच नाही. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ होते तेव्हा एका बाईंचा क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतलं रक्त त्यांच्या रक्ताशी जुळतं का ही चाचणी, मीच लावला होता. नळी उजेडाकडे धरून हलकेच हलवली, तळाच्या पेशी सुट्या होऊन वर आल्या, एकही गुठळी नाही. पिशवी दिली. आठव्या दिवशी बाईंचे डोळे पिवळे, लघवी लालसर काळी, आणि हिमोग्लोबिन रक्त चढवण्याआधी होतं तेवढंच. उतरलेली किडची अँटिबॉडी पुन्हा वर येऊन चढवलेल्या पेशी फोडत होती. त्यांची अँटिबॉडी काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका रुग्णालयात सापडली होती. तो कागद तिथल्याच फायलीत राहिला होता. त्या वाचल्या. माझ्या चाचणीत चूक नव्हती, हेच मला आजही छळतं.

आता मी जो संशोधन कार्यक्रम सांभाळते तो या कागदापायीच. रुग्ण आणि रक्तदाते, दोघांच्याही या खुणा डीएनएवरून आधीच वाचून ठेवायच्या, म्हणजे अँटिबॉडी तयार होण्याची वाट पाहायला नको. नुकतंच रक्त चढवलेल्या माणसाच्या नमुन्यात दात्याच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि नेहमीची तपासणी गोंधळते. डीएनए मात्र त्याच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींतून मिळतो.

आणि मी दिवसभर कसल्या बैठका घेते म्हणतोस ना? डीएनए वाचायला यंत्र आहे. पण ते उत्तर रात्री दोन वाजता पिशवी देणाऱ्या तंत्रज्ञाच्या पडद्यावर, त्याच रुग्णाच्या नावापुढे दिसायला हवं. केलची एक खूण नसली की एक संगणक ‘के निगेटिव्ह’ लिहितो, दुसरा त्यालाच ‘केईएल उणे 1’ म्हणतो, आणि दोघांना एकमेकांचं कळत नाही. अशा एकेका ओळीसाठी आम्ही तासन्‌तास बसतो. मला ते काम कंटाळवाणं वाटत नाही. त्या बाईंचा कागद असाच कुठेतरी अडला होता.

दात्यांचंही तसंच. या खुणा वंशागणिक कमी-जास्त आढळतात, म्हणून सगळ्या समाजांतले दाते यादीत हवेत. त्यासाठी आमची माणसं शिबिराशिबिरांतून फिरतात, आणि एका वेळी नाही म्हणालेल्या माणसाकडे पुन्हा जायचं नाही हे मी त्यांना बजावून ठेवलंय.

तुला रक्तदानाच्या वेळी असंच एक संशोधनाचं संमतीपत्र दिलंय, सही करू का असं विचारलंस. मी आई आहे म्हणून करू नकोस. डीएनए किती वर्षं ठेवणार, कोण पाहणार, नंतर माघार घेता येते का, एवढं नीट वाच आणि अडलं तर तिथल्याच माणसाला विचार. ते पत्र आमच्याच कार्यक्रमाचं असलं तरी नळीवर नाव नसतं, नुसता बारकोड असतो. तुझा नमुना माझ्या टेबलावरून गेला तरी मला कळणार नाही, आणि तू काय ठरवलंस हे मी विचारणारही नाही.

तुझी,
आई