सूचनाफलक कोणाच्या भाषेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कामाच्या ठिकाणच्या विविधतेबद्दल आपल्या दैनिकात अलीकडे जे लिहून येत आहे, त्याचा भर माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांवर आणि त्यांच्या वरिष्ठ पदांवर स्त्रिया किती, या प्रश्नावर आहे. प्रश्न रास्तच आहे. मात्र चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी बावीस वर्षे पाळीप्रमुख होतो. तिथे विविधता सकाळी सात वाजता ठेकेदाराच्या टेम्पोतून उतरते: दोघे लातूरचे, चौघे बिहारचे, तिघे ओडिशाचे. त्यांना एका लाइनवर सुरक्षितपणे कसे उभे करायचे, हे पाळीप्रमुखाला कोणी शिकवलेले नसते.

एका रात्रपाळीत प्रेस अडकला. फिटरने 'देखभाल सुरू आहे, यंत्र चालू करू नये' ही पाटी बटणाशेजारी लटकवली आणि डायमध्ये हात घातला. कामावर येऊन चारच दिवस झालेला ओडिया मुलगा यंत्र बंद का, असे वाटून बटणाकडे गेला. शेजारचा ऑपरेटर ओरडला म्हणून थोडक्यात निभावले. अहवालात कारण लिहिले गेले 'कामगाराचा निष्काळजीपणा', आणि खाली सही माझी होती. त्या मुलाला देवनागरी वाचता येत नव्हती, ही नोंद कुठेच झाली नाही. पुढे आम्ही पाटीच्या जागी कुलूप आणले: फिटरने मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप लावायचे, त्यावर स्वतःचा फोटो अडकवायचा आणि किल्ली खिशात ठेवायची. हे आधीच सुचायला हवे होते, पण आम्ही पाटीचे अक्षर मोठे करण्यात वर्ष घालवले.

१९४८ च्या कारखाने अधिनियमानुसार वैधानिक सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायच्या असत. त्या काळी ही तरतूद पुरोगामीच म्हणायला हवी. पण बहुसंख्यांची भाषा फलकावर आली की व्यवस्थापनाच्या लेखी विषय मिटतो, आणि उरलेल्या पंधरा-वीस जणांचे काय, हे विचारणारा कोणी राहत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीचेही असेच होते. २०१३ चा कायदा सांगतो की स्त्रीला तक्रार लिहून देणे शक्य नसेल, तर अंतर्गत समितीने ती लेखी करण्यास साहाय्य करावे. आता झारखंडहून आलेल्या कंत्राटी कामगार स्त्रीला हे सांगणार कोण, आणि कोणत्या भाषेत?

दुसरा विषय रजेचा, आणि पाळीप्रमुखाची खरी कसोटी इथेच लागते. पश्चिम ओडिशाचा नुआखाई हा नव्या धान्याचा सण भाद्रपद शुद्ध पंचमीला येतो, म्हणजे आपल्या गणेशचतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी, त्यामुळे कोकणातला आणि संबळपूरचा कामगार एकाच आठवड्याची रजा मागतात. छठ भाऊबीजेनंतर चार दिवसांनी येते. तिथे अदलाबदल सहज जमते, कारण बिहारची मुले दिवाळीत आनंदाने जादा पाळी करतात. अडते ते रेल्वेच्या आरक्षणापाशी. ते पूर्वी १२० दिवस आधी खुले होई, आता ६० दिवस आधी होते, आणि आमच्याकडे रजा मंजूर होत असे आठवडाभर आधी. मग माणूस मिळेल त्या डब्यात चढून निघून जाई, हजेरीपटावर 'गैरहजर' लागे, आणि 'ही मुले न सांगता पळतात' हा शिक्का सगळ्यांवर बसे. रजेचे अर्ज तीन महिने आधी घ्यायला लागल्यावर पळणारे निम्म्याहून कमी झाले. यासाठी कोणत्याही सल्लागाराला पैसे द्यावे लागले नाहीत.

स्थानिकांना नोकऱ्या मिळाल्या पाहिजेत, याबद्दल माझे दुमत नाही, आणि हे पत्र त्या वादात पडण्यासाठी लिहिलेले नाही. पण 'बिहारी चिवट असतात' म्हणून त्यांना भट्टीवर आणि 'आपली मुले शिकलेली' म्हणून त्यांना तपासणीच्या टेबलावर बसवण्याची जी रीत आहे, तिचे तोटे दोघांनाही होतात. आमच्याकडे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र असलेला एक मुलगा दोन वर्षे भट्टीवर होता, कारण ते त्याला कोणी विचारलेच नव्हते.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात आठ पगारी सणसुट्ट्या आहेत. त्यांतल्या चार ठरलेल्या, आणि उरलेल्या चार मालक व कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या. कारखान्यांनीही या धर्तीवर निदान दोन सुट्ट्या ज्याच्या त्याच्या सणासाठी मोकळ्या सोडाव्यात, आणि डिसेंबरात ही यादी करायला बसताना कंत्राटी कामगारांचा एक तरी माणूस टेबलाशी असावा.

आपला,
एक निवृत्त पाळीप्रमुख, चाकण