छोट्या नोटांवरचा उठाव परत आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील मुद्राचित्रणावरच्या लेखात धातूवर कोरून छापण्याची कला आता कलादालनांपुरतीच उरल्याचा सूर आहे. तो मला पटला नाही, कारण ही छपाई रोज आपल्या खिशात असते. शंभर रुपयांपासून पुढच्या नोटांवर गांधीजींचे चित्र आणि अशोकस्तंभ याच पद्धतीने, म्हणजे इंटाग्लिओने छापलेले असतात. कोऱ्या नोटेवरील चित्रावरून नख फिरवले, तर ते रेषांना अडखळते. छपाईच्या पत्र्यावरील खोदलेल्या चरांत शाई भरतात, वरचा पृष्ठभाग स्वच्छ पुसतात आणि कागद इतक्या जोराने दाबतात, की तो चरांत शिरून शाई उचलतो; म्हणून रेषा कागदाच्या वर उभी राहते. भिंगातून पाहिल्यास गालावरची सावलीही रेषांची जाडी आणि त्यांच्यातले अंतर बदलून साधलेली दिसते.

नक्कल अवघड व्हावी म्हणून ही पद्धत पूर्वीपासून वापरात आहे. 1840 मधल्या ब्रिटनच्या ‘पेनी ब्लॅक’ तिकिटासाठी चार्ल्स आणि फ्रेडरिक हीथ या पितापुत्रांनी राणी व्हिक्टोरियाचा चेहरा पोलादावर कोरला होता. तो ठसा कडक करून रुळावर उमटवला आणि रुळावरून एकाच पत्र्यावर 240 वेळा उतरवला. म्हणजे एवढ्या तिकिटांमागे मूळ कोरीवकाम एकच, आणि तेही चिमुकले!

पण माझा मुद्दा बनावट नोटांचा नाही, अंधांचा आहे. शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण असतो, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ. गांधी मालिकेतील जुन्या वीसच्या नोटेवर उभा आयत आणि पन्नासच्या नोटेवर चौकोन होता. नव्या मालिकेत या दोन्ही खुणा गेल्या. आता भिस्त आकारावर, आणि दहा व वीसच्या नोटांच्या लांबीत फरक अवघा 6 मिलिमीटरचा, रुंदी मात्र सारखीच. एकेकटी नोट हातात आली, तर तुलना कशाशी करायची? रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये नोट किती रुपयांची आहे ते ओळखून सांगणारे ‘मनी’ हे मोबाइल ॲप आणले, ते उपयोगी आहे. पण गर्दीच्या बसमध्ये कंडक्टरने सुटे पैसे हातावर ठेवल्यावर प्रत्येक नोटेसाठी फोन काढणे कोणाला जमणार आहे? छोट्या नोटा जास्त हाताळल्या जाऊन उठाव लवकर झिजतो, हे खरे. तरी झिजेपर्यंत तो उपयोगी पडतोच.

1928 पासून आमच्या नाशिक रोडला नोटा छापल्या जात आहेत, तेव्हा कसबाची उणीव असल्याचे कोणी म्हणू नये. रिझर्व्ह बँकेने पुढील आराखड्यात वीस आणि पन्नासच्या नोटांवरील जुन्या खुणा परत आणाव्यात आणि कधीच खूण न मिळालेल्या दहाच्या नोटेलाही एक द्यावी. निर्णयाआधी अंधांच्या संस्थांकडून नमुने हाताने तपासून घ्यावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नाशिक रोड