तक्रार: "24 तासांत मासे सोडा" वाल्या फिश टँक किटबद्दल

प्रति,
कस्टमर केअर

विषय: किटवरचा खोटा दावा आणि पैसे परत मिळणेबाबत

नमस्कार,

मी जुळे सोलापुरात राहतो. तुमचं 60 लिटरचं किट ऑनलाईन मागवलं, त्यात काचेची टाकी, लाईट, फिल्टर आणि टाकीत ओतायची जिवंत बॅक्टेरियाची बाटली. बॉक्सवर भल्या मोठ्या अक्षरात छापलंय "24 तासांत मासे सोडा". माहितीपत्रकात लिहिलं तसंच सगळं केलं, क्लोरीन काढायचं औषध टाकलं, बाटली अख्खी ओतली, रात्रभर फिल्टर चालू ठेवला आणि मग गोल्डफिश आणले, पोरीने नावं पण ठेवली लगेच.

आठवडा व्हायच्या आत पाणी पांढरट गढूळ झालं, मासे वर येऊन आ वासून बसायला लागले, कल्ले लालभडक. दोन गेले. तुमच्या माणसाला फोन केला तर म्हणतो, सोलापूरचं पाणीच खराब आहे सर, स्पंज रोज नळाखाली धुवा. अहो आमच्याकडं नळाला पाणी येतंय चार-पाच दिवसांनी, रोज कुठला नळ? आणि हेच उजनीचं पाणी शेजारच्या काकांच्या टाकीत आहे, त्यांचे मासे ठणठणीत आहेत की.

शेवटी काकांनीच त्यांच्याकडच्या टेस्टने आमच्या पाण्यात अमोनिया, म्हणजे माशांना विषारी पदार्थ, आहे का बघितलं. अमोनिया नसेल तर पिवळा रंग राहतो, आमच्या नळीत गडद हिरवा आला. माशांच्या घाणीतनं आणि उरलेल्या खाद्यातनं अमोनिया होतो, एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, मग दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते त्यामानानं बरंच कमी घातक आणि पाणी बदललं की कमी होतं. हे बॅक्टेरिया मुख्यतः फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढतात आणि नव्या टाकीत त्याला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. विरजण लावल्या लावल्या दही होतं का? आणि तुमचा माणूस सांगतो तो स्पंज क्लोरीनच्या पाण्यात धुवा म्हणजे होते ते पण मारा! टाकीतनंच काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा असतो, हे काका सांगतात, तुमच्या माहितीपत्रकात एक ओळ नाही.

त्या बाटलीवर किंमत आहे फक्त, बनवल्याची तारीख नाही, कुठल्या तापमानात ठेवायची ते नाही. ऐन एप्रिलमध्ये कुरिअरच्या गाडीतनं आली, इथं पारा चाळिशी पार असतो, आत जिवंत काय राहिलं असेल ते तुम्हीच सांगा. वर गरम पाण्यात अमोनिया जास्तच बाधतो.

आता काकांच्या फिल्टरमधला जुना स्पंज आमच्यात टाकलाय, ड्रममध्ये साठवलेलं पाणी औषध टाकून थोडं थोडं बदलतोय, खाद्य चिमूटभरच. अमोनिया उतरलाय पण नायट्राइटची नळी अजून जांभळी येतीय, म्हणजे ते पाण्यात आहेच, त्यामुळं उरलेल्या माशांचं काय होईल माहीत नाही.

मला किटचे आणि माशांचे पैसे परत पाहिजेत, आणि बॉक्सवरचं ते 24 तास काढून मासे सोडायच्या आधी अमोनिया आणि नायट्राइट शून्य आहे का बघा, असं मराठीत छापा. बिल, बॉक्सचे आणि टेस्टच्या नळ्यांचे फोटो जोडलेत. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकणार, आणि फोनवर परत "पाणी खराब" ऐकून घेणार नाही.

तुमचा ग्राहक,
सोलापूर