शंभरातला एक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या मुलांच्या पानावरचा महाभारताचा लेख वाचला. त्या दिवशी गप्प बसलो. सोमवारीही राग उतरेना, म्हणून हे पत्र. 'पाच सज्जन आणि शंभर दुर्जन' हा हिशेब लेखकमहाशयांनी कुठून आणला? त्या शंभरात एक विकर्ण होता, हे त्यांच्या गावीही नाही.

द्यूतसभेत भीष्म 'धर्माची गती सूक्ष्म' म्हणून मोकळे झाले, द्रोण बसून राहिले. तेव्हा दुर्योधनाचा हा धाकटा भाऊ उठला. म्हणाला, युधिष्ठिर आधी स्वतःलाच हरला, मग द्रौपदीला पणाला लावायचा त्याला अधिकार काय? शिवाय ती पाचांची, एकट्याची नव्हे. सबब ती जिंकली गेलेलीच नाही. सभेने त्याची वाहवा केली. मग ज्याच्यासाठी आपण मराठी माणसं उठता-बसता डोळे पुसतो, त्या कर्णाने त्याला पोरकट ठरवून गप्प केलं. द्रौपदीचं वस्त्र फेडायला सांगितलं तेही कर्णानेच. पुढे युद्धाच्या चौदाव्या दिवशी भीमाने विकर्णाला मारलं. शंभरही मारायची प्रतिज्ञा केलेली, करणार काय! मारून वर हळहळला.

मला हे इतकं पाठ असायला कारण आहे. १९६८ साली, सातवीत, शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी विकर्ण होतो. अख्ख्या नाटकात संवाद एकच, सहा ओळींचा. आईने जुन्या शालूचा शेला करून दिला होता. रंगीत तालमीला हेडसरांनी तो संवादच उडवला. "कौरवाच्या तोंडी चांगलं वाक्य? पोरांचा गोंधळ होईल." मी उठून उभं राहायचं, ते मात्र काढायला विसरले. प्रयोगात मी उठलो, हात वर केला, आणि खाली बसलो. पोरगं लघवीला निघालंय असं वाटून मंडप हसला. वडील घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाठ तरी नीट करायचं."

पोरांचा गोंधळ होतो म्हणे! शेवटी युधिष्ठिर स्वर्गात पोचतो, तर तिथे दुर्योधन आधीच थाटात आसनावर बसलेला. त्याचं काय करायचं? तेही उडवा. पुण्यात भांडारकर संस्थेतल्या पंडितांनी १९१९ पासून १९६६ पर्यंत पोथ्या लावून एकेक पाठ तपासला, तो बहुधा आपल्या मुलांच्या पानाला अडचण व्हावी म्हणूनच.

जाता जाता चित्राबद्दल. कौरव तेवढे काळेकुट्ट, दात बाहेर. पांडव आणि द्रौपदी गोरीपान. अहो, द्रौपदीचं नाव कृष्णा, ते रंगावरूनच. अर्जुनाच्या दहा नावांतलं शेवटचं नाव कृष्ण, तेही रंगावरूनच. चित्रकारांना एवढं कळवावं, ही नम्र विनंती.

गेल्या खेपेस पाणीपट्टीवरच्या माझ्या पत्राची शेपूट आपण जागेअभावी कापलीत. याही वेळी जागा कमी पडली तर चित्राचं काढा, हवं तर वडिलांचं वाक्यही काढा. दुसरा परिच्छेद मात्र राहू द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज